टॅनर वेची अकरा घरं

"माझं घर कुठाय?" मिस अर्लीननी विचारलं.

त्यांच्या एका हातात मी दिलेली हिरवी टिकली होती, दुसऱ्या हातात कॉफी. समोर टेबलभर बेल हिलचा नकाशा पसरलेला. सेंट सिरिल चर्चच्या तळघरात त्या शनिवारी सकाळी चाळीसेक माणसं जमली होती. माझी पद्धत ठरलेली आहे. माणूस आत आला की आधी डोनट, मग कॉफी, मग टिकली. आपलं घर शोधायचं आणि त्यावर टिकली लावायची. नकाशावर स्वतःचं घर सापडलं की तो नकाशा माणसाला आपला वाटायला लागतो, आणि मग तो भांडायला तयार होतो. मला भांडणारी माणसं लागतात. गप्प बसणाऱ्यांच्या सभेतून काही चांगलं निघालेलं मी शहर नियोजन खात्यातल्या सोळा वर्षांत पाहिलेलं नाही.

"रस्ता कुठला तुमचा?" मी विचारलं.

"टॅनर वे. चौदा नंबर."

मी वाकून पाहिलं. टॅनर वे हा नावाला रस्ता, खरं तर जिना. आमच्या शहरात असे तीनशेच्या वर जिने आहेत. पोलादाचे कारखाने चालू होते तेव्हा कामगारांना टेकडीवरून नदीकाठी उतरता यावं म्हणून बांधलेले. कायद्याने त्यांना रस्त्याचाच मान. नकाशावर टॅनर वेची तुटक रेघ केसलर स्ट्रीटपासून निघून चढावर गेली होती आणि तिच्या दोन्ही बाजूंना नुसता हिरवा रंग होता.

"इथे घरं दिसत नाहीत," मी म्हणालो.

काही वाक्यं तोंडातून गेली की लगेच परत गिळावीशी वाटतात. मिस अर्लीननी कप खाली ठेवला. सत्तरी उलटलेल्या, उंच, इस्पितळाच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं मोठमोठी पातेली उचललेल्या बाई. आमच्याकडे वयाने मोठ्या बायकांना लग्न झालेलं असलं तरी आदराने 'मिस'च म्हणतात.

"दिसत नाहीत का," त्या म्हणाल्या. "मग आज सकाळी मी आंघोळ कुठे केली म्हणतोस?"

मागे कोणीतरी हसलं.

"तू प्रूइटांचा ओडेल ना? तुझ्या आईच्या शेजारी उभी राहून मी बावीस वर्षं चर्चमध्ये गायले. ती असती तर तुला इथून कानाला धरून थेट माझ्या दारात नेऊन उभा केला असता."

असं म्हणून त्यांनी त्या कोऱ्या हिरव्या रंगावर टिकली लावली आणि अंगठ्याने दाबली. त्यांच्यामागे सहा नंबरचे बेनेडेक आले, दाढीवाले, गाड्यांच्या गॅरेजात काम करणारे. त्यांनी लावली. मग दोन नंबरची कडेवर बाळ असलेली मुलगी आली. बघता बघता त्या रिकाम्या चढावर अकरा टिकल्या झाल्या, आणि मी त्या दोनदा मोजल्या.

कारण कोणते जिने ठेवायचे आणि कोणते पाडायचे, ती यादी मीच केली होती. जिन्यावर किती घरं, शाळा किती लांब, बसचा थांबा किती लांब, असे गुण. टॅनर वेला घरांचे गुण शून्य मिळाले होते, म्हणून तो एप्रिलमध्ये पाडायच्या जिन्यांत सगळ्यात वर होता. ही गोष्ट मला त्या चाळीस माणसांसमोर सांगावी लागली.

"आणि आम्ही? उडत घरी जायचं?" बेनेडेकांनी विचारलं.

वरचा रस्ता सत्तर साली दरडीबरोबर गेला, तेव्हापासून त्या अकरा घरांना हा जिना सोडून दुसरी वाट नाही. जिना गेला की रस्ता नाही, आणि रस्ता नसलेल्या घरात आमच्या शहरात राहायची परवानगी नाही. हेही मीच सांगितलं. यादीवर मतदान पुढच्या आठवड्यात गुरुवारी होतं.

मिस अर्लीननी जाताना एक डोनट कागदात गुंडाळून घेतला. "तू कधी चढलायस तो जिना?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि गेल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

सोमवारी ऑफिस उघडल्या उघडल्या मी नकाशांच्या खोलीत गेलो. ही खोली म्हणजे लोरेन हुडाक. चौतीस वर्षं त्या तिथे बसत होत्या आणि नाताळाआधी निवृत्त होणार होत्या. लहानखुऱ्या, टोकदार पेन्सिलीच्या, उजवा गुडघा दुखरा. कागदावरचं अख्खं शहर कॉम्प्युटरात चढवलं ते या बाईंनी. रस्ते खात्यात, पाणी खात्यात वाद झाला की लोक म्हणायचे, लोरेनबाईंना विचारा, त्यांचा नकाशा चुकत नाही. त्यांनाही ते ठाऊक होतं. बाईंना दुसरा कुठलाच अभिमान मी पाहिला नाही, पण हा होता.

मी टिकल्या लावलेला नकाशा त्यांच्यापुढे पसरला.

"लोकांना नकाशा वाचता येत नाही," त्या आधी म्हणाल्या. "एक कॉलनी गेल्या वर्षी नदीत टिकल्या लावून आली होती."

"अकरा जणांनी लावल्यात. मिस अर्लीन टॅलिफेरो चौदा नंबर सांगतात."

बाईंनी पत्ता टाइप केला. पडद्यावर नकाशा सरकला आणि केसलर स्ट्रीटच्या कोपऱ्यावर थांबला, जिन्याच्या पायथ्याशी, बंद पडलेल्या लाकडाच्या वखारीच्या रिकाम्या जागेवर. तिथे एक ठिपका होता.

"एकच आहे," मी म्हणालो.

त्यांनी ठिपक्याभोवती चौकट ओढली. पडद्याच्या कोपऱ्यात आकडा आला: निवडलेले, अकरा.

अकरा ठिपके एकावर एक ठेवलेले होते. वरून बघणाऱ्याला एकच दिसत होता.

बाई उठल्या. भिंतीलगतच्या मोठ्या सपाट खणांपैकी खालून तिसरा त्यांनी ओढला आणि कापडावर चिकटवलेला जुना कागद बाहेर काढला. त्यावर शाईने काढलेला टॅनर वे होता आणि दोन्ही बाजूंना अकरा छोटे चौकोन, प्रत्येकात आकडा. कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेलं होतं: 'तात्पुरते पायथ्याशी. परत बघणे. लो. हु., नोव्हेंबर ९१.'

"तेव्हाचा प्रोग्रॅम गाडीच्या रस्त्याशिवाय घराचा नंबर घेतच नव्हता," त्या म्हणाल्या. "जिना म्हटलं की नाही म्हणायचा. म्हणून मी सगळे खाली ठेवले. नंतर वर नेऊन लावणार होते. शुक्रवार होता, ओडेल. सोमवारी पलीकडच्या टेकडीचे कागद आले."

"तेहतीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे."

"मला वजाबाकी येते."

मग त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ नुसत्या बसून राहिल्या. त्यांना असं हातात काम नसताना बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. मला वाईट वाटत होतं आणि रागही येत होता, आणि राग जास्त माझा मलाच येत होता. त्या तरी तेहतीस वर्षांपूर्वी चुकल्या होत्या. मी गेल्या महिन्यात शून्य आकडा वाचला आणि गाडी काढून बघायला गेलो नाही.

आमचे साहेब ग्लेन. माणूस वाईट नाही, भित्रा आहे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि दार लावलं.

"यादी बंद झालीय," ते म्हणाले. "आता बदलायची तर खात्याने लेखी द्यावं लागतं की चूक आमची, कोणी केली, कधी केली. उद्या वकील येऊन उभे राहतील. तेहतीस वर्षांत त्या जिन्यावर काय काय झालं असेल कोणाला माहीत. पुढच्या वर्षीच्या यादीत गुपचूप दुरुस्त करू."

"जिना एप्रिलमध्ये पडेल," लोरेनबाई म्हणाल्या.

"लोरेन, सहा आठवडे राहिलेत तुझे. त्या खोलीच्या दारावर तुझ्या नावाची पितळी पाटी लावायची ठरलीय. ती करायला टाकलीसुद्धा. कशाला हे ओढवून घेतेस?"

"प्रत्येक पानावर माझी सही आहे, ग्लेन. चुकलेल्या पानावर पण आहे." त्या उठल्या. "पण लिहून देण्याआधी घरं जागेवर लावायला हवीत. खणातल्या कागदावरून लावणार नाही. एकदा लावली की ती नीटच लागली पाहिजेत. मी उद्या जाते."

"मी जातो," मी म्हणालो. "तुमचा गुडघा."

"तू काठी धर," त्या म्हणाल्या.

काठी म्हणजे जीपीएसची काठी, माणसाहून उंच, वर पांढरी टोपी. प्रत्येक घराच्या दारात ती उभी धरायची आणि मिनिटभर थांबायचं.

मंगळवारी सकाळी केसलरच्या कोपऱ्यावर आम्ही गाडी लावली तेव्हा मिस अर्लीन पायथ्याशी उभ्या होत्या. हवा बोचरी होती. त्यांच्या अंगात शिकारीला जाताना घालतात तसलं भडक नारिंगी जाकीट होतं, त्यांच्या मापापेक्षा बरंच मोठं.

"तुम्ही कशाला खाली आलात?" मी म्हणालो. "आम्ही आलो असतो वर."

"काल फोनवर तू येतो म्हणालास ना? इकडे कोणी येणार असलं की आमच्यातलं एक जण खाली येऊन उभं राहतं. डॉक्टर असो, गॅसवाला असो, पाहुणे असोत. नाहीतर ते या वखारीत फिरतात आणि परत जातात. टपालाचं काही नाही, पेट्या इथे खालीच आहेत." त्यांनी जाकिटाची बाही दाखवली. "हे रॉस्कोचं, माझ्या नवऱ्याचं. लांबून दिसतं म्हणून सगळे हेच घालतात. ज्याची पाळी तो माझ्याकडून नेतो, परत आणून खिळ्याला लावतो."

"किती वर्षं चाललंय हे?" लोरेनबाईंनी विचारलं.

"आता कोण मोजतंय? माझी मुलगी शाळेत होती तेव्हापासून." मिस अर्लीननी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही कोण?"

"लोरेन हुडाक. नकाशा माझा आहे."

पुढे बोलण्याइतका त्यांना धीर झाला नाही, की त्यांना ते घराच्या दारातच बोलायचं होतं, मला सांगता येणार नाही. आम्ही चढायला लागलो. एकशे शहाऐंशी पायऱ्या, काही ठिकाणी कठडा गेलेला, काही ठिकाणी लोकांनी स्वतः लोखंडी नळ बसवलेले. लोरेनबाई प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवून चढत होत्या.

दोन नंबरच्या मुलीने बाळ घेऊनच दार उघडलं.

"माझं नाव लोरेन हुडाक," बाई धापा टाकत म्हणाल्या. "तुमचं घर मी चुकीच्या जागी लावलं होतं. ते नीट लावायला आलेय."

मुलीने माझ्याकडे, काठीकडे, मग बाईंकडे पाहिलं. "म्हणजे आता पिझ्झा घरपोच येईल?"

"यायला हवा."

"मग लावा ना, कुठेही लावा."

चार नंबरला कोणी नव्हतं. सहा नंबरला बेनेडेक कामावर निघाले होते. बाईंचं तेच वाक्य ऐकून ते पायरीवर बसले आणि हसत सुटले. "तरीच! माझ्या पहिल्या बायकोचा वकील तीनदा येऊन खालून परत गेला. बाई, सगळ्यांचं नीट करा, माझं तेवढं राहू द्या हरवलेलं."

"नाही जमायचं," लोरेनबाई म्हणाल्या.

"मला वाटलंच."

आठ नंबरचे म्हातारे गृहस्थ म्हणाले, की कराचं बिल मात्र कधी चुकलं नाही. बाई म्हणाल्या, ते खातं वेगळं. दहा नंबरच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं, "तेहतीस वर्षं," एवढंच म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. जोरात नाही, हळूच लावलं. लोरेनबाई बंद दारासमोर उभ्या राहिल्या. मग मला म्हणाल्या, "काठी सरळ धर," आणि मिनिट मोजलं.

बारा नंबर झाला. मिस अर्लीन सगळा वेळ आमच्यापुढे दोन पायऱ्या चालत होत्या आणि प्रत्येक दारातलं ऐकत होत्या. चौदा नंबरला पोचल्यावर त्यांनी दार उघडलं, जाकीट काढून दाराशेजारच्या खिळ्याला लावलं आणि उंबऱ्यात उभ्या राहिल्या.

"आता मला सांगा," त्या म्हणाल्या. "मलाही त्यांच्यासारखंच सांगा."

लोरेनबाईंनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. सहाव्यांदा.

"मी फोन केला होता तुमच्या ऑफिसात," मिस अर्लीन म्हणाल्या. "अठ्ठ्याण्णव की नव्व्याण्णव साल. म्हटलं, गाड्या वखारीत जातात, बघा जरा. एक बाई होती फोनवर. फार सभ्य. म्हणाली, आमचा नकाशा चुकत नाही, ड्रायव्हर चुकत असतील."

"त्या खोलीत मी एकटीच असते," लोरेनबाई म्हणाल्या. "ती मीच."

"हो. आवाज ओळखला मी, खालीच."

मी काठी घेऊन मध्येच उभा होतो आणि कुठे बघावं ते मला कळत नव्हतं.

"रॉस्को पडला तेव्हा दुपार होती," मिस अर्लीन म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही. "जिन्यावरचे सगळे कामाला गेलेले. मी फोन लावला आणि हे जाकीट घालून खाली पळाले. कोणीतरी उभं राहायला हवं ना. अँब्युलन्स वेळेवर आली, हात दाखवला, त्यांना घेऊन वर आले. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला म्हणून गेला असं नाही, तो जाणारच होता. त्यामुळे ते मी तुमच्यावर टाकत नाही. पण नऊ मिनिटं मी खाली होते. ती नऊ मिनिटं तो इथे एकटा होता. मी त्याच्याजवळ बसले असते. तेवढंच."

लोरेनबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलं नाही. "मी माफी कशी मागू मला कळत नाही," त्या म्हणाल्या.

"माफीचं नंतर बघू. आधी माझं घर लावा."

मी काठी उंबऱ्यावर टेकवली. मिस अर्लीननी माझा हात धरून ती चार बोटं पुढे सरकवली. "इथे. पायपुसण्यावर. येणारा माणूस इथे उभा राहतो." मिनिटभर आम्ही तिघंही काठीभोवती उभे होतो. मग यंत्र वाजलं.

"लागलं?"

"लागलं," लोरेनबाई म्हणाल्या.

"चला, गुडघ्याला शेक घ्या. अजून चार घरं आहेत वर. मी कॉफी टाकते."

वरची चार घरं मी एकट्याने करतो म्हणालो, तर बाईंनी ऐकलं नाही. कॉफी प्याल्या आणि चढल्या.

गुरुवारी नगरसभेत लोरेनबाईंनी आपलं निवेदन स्वतः वाचलं. एक पान होतं, त्यात नाव, साल, काय केलं, काय करायचं राहिलं, आणि फोनची गोष्टही. ग्लेनसाहेब शेवटच्या रांगेत बसून कपाळ पुसत होते. पण आदल्या संध्याकाळी त्या कागदावर खात्याचा शिक्का मारला होता त्यांनीच, हे मला सांगायला हवं. एका नगरसेवकाने विचारलं, की हे खात्याच्या नावावर जाऊ शकलं असतं, तुमचं नाव घालायची गरज होती का.

"कागदावर सही माझी आहे," बाई म्हणाल्या. "दुसऱ्या कोणाचं घालू?"

मग मी उठलो आणि जिना न चढता शून्य गुण देणारा मी, असं माझंही सांगून टाकलं. माझ्याकडे कोणी फारसं लक्ष दिलं नाही. मागच्या तीन रांगांत टॅनर वे बसला होता, दहा नंबरच्या बाईंसकट. आपल्या टिकल्या लावलेला नकाशा त्यांनी आणून बाकांच्या पाठीवर पसरून धरला होता. नऊपैकी सात मतं पडली. टॅनर वे पाडायच्या यादीतून निघाला आणि दुरुस्तीच्या यादीत तेविसावा लागला. बेनेडेकांनी शिट्टी वाजवली, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. वकील अजून तरी कोणी आलेला नाही.

पितळी पाटीचं काय करायचं, असं ग्लेनसाहेबांनी निरोपाच्या दिवशी विचारलं. बाई म्हणाल्या, माझं नाव नको, पाटी हवी. आता जिन्याच्या पायथ्याशी खांबावर ती आहे: 'टॅनर वे. घरे २ ते २२. वर.'

जानेवारीतल्या एका रविवारी दुपारी मिस अर्लीननी आम्हा दोघांना जेवायला बोलावलं. रात्री बर्फ पडून गेला होता, पायऱ्या कोणीतरी झाडून ठेवल्या होत्या. गॅसवर भाजी शिजत होती, मांस भाजून तयार होतं, आणि तरी मिस अर्लीननी आमच्यासमोर पिझ्झ्याच्या दुकानाला फोन लावला.

"जेवण आहे की," मी म्हणालो.

"गप्प बस. परीक्षा घेतेय."

त्यांनी पत्ता सांगितला. नेहमी त्यापुढे म्हणायच्या ते, खाली आलात की फोन करा, मी कोपऱ्यावर उभी राहते, हे त्यांनी गिळलं आणि फोन ठेवला. नवा नकाशा आता अँब्युलन्सवाल्यांकडे, दुकानांकडे, सगळीकडे गेला होता. निदान लोरेनबाई तसं म्हणत होत्या, पण आज त्यांचाही जीव थाऱ्यावर नव्हता. त्यांनी रुमालाची घडी चारदा घातली आणि मोडली.

दहा मिनिटं झाली. मिस अर्लीन खिडकीशी गेल्या, परत आल्या. पंधरा मिनिटं झाली. त्या उठल्या आणि खिळ्यावरचं जाकीट अंगात घातलं.

"बसा ना," लोरेनबाई म्हणाल्या.

"बसलेच आहे." त्या दाराजवळच्या खुर्चीत बसल्या, जाकिटासकट, बटणं लावून. शेजारून फोन आला. बारा नंबरच्या बाई विचारत होत्या, खाली कोण उभं राहतंय, मी जाऊ का. "कोणी नाही," मिस अर्लीन म्हणाल्या. "आज कोणी जायचं नाही."

मग बाहेर पायऱ्यांवर बुटांचा आवाज आला. सावकाश, मध्ये थांबत, पुन्हा चढत. दारावर टकटक झाली.

मिस अर्लीननी दार उघडलं. बाहेर एक तरुण मुलगी होती, नाक लाल, हातात खोका.

"चौदा नंबर? किती पायऱ्या आहेत हो तुमच्याकडे."

"सापडलं लगेच?"

"हो. गाडी कोपऱ्यावर लावा आणि जिना चढा, असं फोनच सांगत होता." तिने नारिंगी जाकिटाकडे पाहिलं. "तुम्ही बाहेर निघाला होता का?"

"नाही," मिस अर्लीन म्हणाल्या. "मी घरीच आहे. उतरताना कठडा धर, खाली निसरडं आहे."

त्यांनी दार लावलं आणि खोका टेबलावर ठेवून उघडला. मग जाकीट काढलं. सवयीने खिळ्याकडे हात गेला आणि तिथेच थांबला. त्यांनी ते झटकलं, बटणं लावली, बाह्या आत घेऊन नीट घडी केली.

"तुम्ही बसा," त्या म्हणाल्या आणि जाकीट छातीशी धरून आतल्या खोलीत गेल्या. कपाटाचा खण उघडल्याचा आवाज आला. रॉस्कोचे बाकीचे कपडे त्या कपाटात होते. खण लावल्याचा आवाज लवकर आला नाही.

लोरेनबाईंनी खोक्याचं उघडं झाकण पुन्हा खाली केलं, निवू नये म्हणून, आणि आम्ही दोघं थांबलो.